रेषेवरचा आवाज

एके काळी एका जिल्ह्याच्या गावी एक वृद्ध क्रीडाशिक्षक राहत असत. तिथल्या महाविद्यालयात फुटबॉल आणि बास्केटबॉल हे दोन्ही खेळ त्यांनीच रुजवले. ते आले तेव्हा मैदानाच्या जागी बाभळी होत्या. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी त्या काढल्या, मागच्या अंगणात बास्केटबॉलचे खांब रोवले आणि उभं आयुष्य मुलं घडवण्यात घालवलं. निवृत्त होताना फुटबॉलचा संघ त्यांनी सदानंद या आपल्या जुन्या शिष्याच्या हाती सोपवला.

सदानंद जिवाचं रान करी. सर निवृत्त झाल्यापासून आंतरमहाविद्यालयीन चषक एकदाही महाविद्यालयात आला नव्हता, ते त्याच्या मनाला लागलं होतं. त्या वर्षी संघ परगावी अंतिम सामन्यात पोचला. रेषेवर उभा राहून सदानंद प्रत्येक पासागणिक ओरडत होता. तरीही मध्यंतराला संघ एका गोलने मागेच होता.

उत्तरार्ध सुरू होताच सर प्रेक्षकांतून उठून त्याच्याजवळ आले.

“चल, चहा घेऊ.”

“आत्ता, सर?”

“आत्ताच.”

गुरूंचा शब्द त्याला मोडवेना. मैदानाबाहेरच्या टपरीवरून खेळ दिसत नव्हता, नुसता गलका ऐकू येत होता.

“मुलं गोंधळतील, सर.”

“थोडी गोंधळतील. तू ‘डावीकडे दे’ म्हणतोस, ते मुलाच्या कानी पडेपर्यंत डावीकडची वाट बुजलेली असते. ती त्याला तुझ्याआधी दिसू शकते. पण तो चेंडूकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त पाहतो. सरावात हवं तेवढं बोल. सामना त्यांचा आहे.”

“आणि हरलो तर?”

“तर ते खेळून हरतील. आत्ता तू एकटाच हरतो आहेस.”

दोघे परतले तेव्हा बरोबरी झाली होती. नियमित वेळ संपल्यावर कर्णधार रियाज धापा टाकत सदानंदकडे आला.

“सर, तुम्ही दिसला नाहीत. म्हणून बचावातल्या जाधवला मीच पुढे खेळवलं. चुकलं का?”

सदानंदच्या ओठांवर सूचना आल्या होत्या. त्या त्याने गिळल्या.

“नाही. पुढचंही तुम्हीच ठरवा.”

जादा वेळेत तो बाकावर बसून राहिला. संघ अखेर एका गोलने हरला.

परतीच्या बसमध्ये मुलं हुज्जत घालत होती: कोण कुठे कमी पडलं, कुणी धावायला हवं होतं. रेषेवरून काय सांगितलं गेलं होतं, याचा उल्लेखही कुणी केला नाही. मागच्या बाकावर सदानंद ते सारं शांतपणे ऐकत होता.