पुसलेली नावं

“...मग झिकाच लिहू ना, मॅडम?”

डॉ. श्रेयस उपासनी टोपण काढलेलं पेन घेऊन उभा होता. प्रयोगशाळेत येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, पण सुवर्णपदकाची ऊब अजून अंगात होती. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

रामटेके मॅडमनी मान वर केली नाही. तिच्याशी बोललास का, एवढंच विचारलं.

बोलला होता. वनमाला कोडापे बाहेर बाकावर नवऱ्याशेजारी बसली होती. पाचवा महिना सरत आला होता. दुसऱ्या महिन्यात तिला ताप येऊन गेला, अंगावर पुरळही उठलं. झिका असेल तर बाळाच्या मेंदूला धोका. डेंगू असेल तर ती भीती नाही. सोनोग्राफीत आजवर काही दिसलं नव्हतं, पण पुढे दिसणारच नाही, असंही कुणी म्हणत नव्हतं.

तिने उपासनीला एकच विचारलं होतं. “ठेवू का नको, तेवढं सांगा जी.”

विषाणू रक्तातून केव्हाच निघून गेला होता. मागे राहिली होती ती त्याच्याशी लढलेली प्रतिपिंडं. आणि डेंगू-झिका पडले भाऊभाऊ. एकाविरुद्ध तयार झालेलं प्रतिपिंड दुसऱ्याचीही मानगूट धरतं. वनमालाला दोन वर्षांपूर्वी डेंगू होऊन गेलेला. गोंधळात आणखी भर.

म्हणून शेवटची चाचणी केली होती. तिचं रक्तजल दोन्ही विषाणूंत वेगवेगळं मिसळून पेशींच्या थरावर ओतलं. विषाणू जिथे वाचतो, तिथे थराला भोकं पडतात. ज्याची भोकं फारच कमी, म्हणजे ज्याला तिच्या प्रतिपिंडांनी मारलं, तो गुन्हेगार.

“झिकाच्या प्लेटवर भोकं कमी आहेत,” उपासनी म्हणाला.

“फार?”

“...थोडी.”

मॅडम उठल्या. स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी दोन्ही प्लेटांवरची नावं पुसली. प्लेटा पाठीमागे नेल्या, हातातल्या हातात फिरवल्या आणि पुन्हा टेबलावर ठेवल्या.

“आता सांग.”

उपासनीला राग आला. पोरखेळ वाटला त्याला. तरी तो भिंगावर वाकला. मोजलं. पुन्हा मोजलं. आकडा दर खेपेला थोडा हलत होता, कधी इकडे, कधी तिकडे.

“ही... झिका.”

“नक्की?”

“बहुतेक.”

“बहुतेकवर तिचं पोट रिकामं करशील?”

“पण बरोबर ओळखली ना मी?” त्याला राहवलं नाही.

“मला काय ठाऊक? नावं माझ्यासाठीही पुसलीत.”

त्याने भिंग बाजूला सारलं.

मग उपासनी चिडून म्हणाला, की काहीतरी लिहावं लागेलच. बाई सकाळपासून उपाशी बसलीय, रात्रीची एसटी पकडून आलीय. एवढी मोठी प्रयोगशाळा, आणि उत्तर नाही?

“आहे की. लिही, दोघांपैकी कोण ते सांगता येत नाही.”

“ते उत्तर नाही, मॅडम.”

“तेवढंच खरं आहे.”

त्याने लिहिलं. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत आलं नाही. खाली सही केली, कागद पाकिटात घातला आणि शिपायाला हाक मारायला दाराकडे वळला. बाहेरच्या बाकावरून वनमाला उठून उभी राहिलेली त्याला दिसली. एक हात पोटावर होता. तो दारातच थबकला.

“मॅडम... तुम्ही सांगाल का तिला?”

मॅडमनी पाकीट घेतलं नाही. स्वतःची खुर्ची तेवढी त्याच्याकडे सरकवली.

“ही घेऊन जा. हे उभ्यानं सांगायचं नसतं.”