हैबतीनं दूध गार ठेवलं त्याची गोष्ट

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. मिनिटसुद्धा पक्कं ठाऊक आहे, कारण मिस्त्रींची एसटी सव्वासहाची होती आणि ते पळता पळताच बोलत होते.

तर आंबेखोरी नावाच्या गावात एक भोळा गडी होता. नाव हैबती. इतका भोळा, की त्याला कुणी "जरा थांब" म्हटलं, तर तो परत "जा" म्हणेपर्यंत उभाच राही. गावच्या दूध डेअरीत तो आठ दिवसांच्या बोलीवर कामाला लागला होता. आठ दिवस नीट गेले तर नोकरी कायम. नाहीतर सासऱ्याच्या घरी जाऊन शेळ्या वळायच्या. सासरा म्हणायचा, "येऊ दे की. शेळ्या सांभाळतील त्याला."

आज आठवा दिवस होता.

निघताना बायकोनं, चंद्रकलेनं, बजावलं होतं. कडेवर सात महिन्यांचं लेकरू, डोळ्यांत रात्रीची अर्धी झोप. "हे बघा, आपली अक्कल लावू नका. सांगतील तेवढंच करा. कमी नाही, जास्त नाही."

"बरं," हैबती म्हणाला. "सांगतील तेवढंच."

डेअरीत पाणी गार करायचं एक मोठं मशीन होतं. ते पाणी गार करी, पाणी दुधाच्या टाकीभोवती फिरे, आणि दूध टँकर येईपर्यंत चांगलं राही. मशीन सांभाळायचे दिनकर मिस्त्री. त्या दिवशी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता.

"हैबती, ही आकड्यांची पाटी बघ," मिस्त्री म्हणाले. "इथं दोन दिसलं की पाणी गार. पाणी गार की दूध गार. आकडा चढला तर मला फोन कर. कळलं?"

"कळलं. सांगितलं तसंच."

मिस्त्री गेले. सात वाजता आकडा चढून अकरा झाला. हैबतीनं फोन लावला.

"मशीन धापा टाकल्यासारखं करतंय का?"

"टाकतंय."

"मागच्या जाळीत धूळ बसली असणार. त्याला दम लागलाय. नळी घे आणि पाठीवर पाणी मार."

हैबतीनं पाणी मारलं. धूळ गेली, आकडा पाचावर उतरला. हैबती खूश झाला. धापा टाकणाऱ्याच्या पाठीवर पाणी मारायचं, त्यानं ध्यानात ठेवलं.

तेवढ्यात चेअरमन धोंडीतात्या आले. डेअरी टेकाडावर. तात्यांचं पोट मोठं, चढ उभा, अंगात तालुक्याच्या मीटिंगसाठी घातलेला कडक इस्त्रीचा सदरा. दारात टेकून ते धापा टाकू लागले.

हैबतीनं नळी घेतली आणि तात्यांच्या पाठीवर पाणी मारलं.

"अरे! अरे गाढवा!"

"वळा, तात्या. जाळी मागच्या बाजूला असते."

तात्या भिजून चिंब झाले. थंडीचे दिवस, त्यात डेअरीचं पाणी. त्यांचे दात वाजायला लागले. "अरे, भिजलेल्या माणसाच्या अंगावर काही घालशील की नाही? ती कोपऱ्यातली गोधडी आण आधी! भिजलेल्याला गोधडी घालतात, एवढं कळत नाही?"

"आता कळलं, तात्या."

गोधडी अंगाभोवती घेऊन तात्या घरी गेले. सदरा बदलून, गोधडी परत पाठवून मीटिंगला निघून गेले.

हैबतीनं मशीनकडं बघितलं. तेसुद्धा बिचारं सकाळपासून भिजलेलंच होतं. त्यानं गोधडी नीट झटकली आणि मशीनला गळ्यापर्यंत पांघरली. पंखा गोधडीत गुंडाळला गेला. लाल दिवा लागला, घंटा वाजू लागली आणि मशीन बंद पडलं.

"मिस्त्री, झोपलं ते," हैबती फोनवर म्हणाला.

"झोपलं म्हणजे?"

"गोधडी घातली, तसं झोपलं."

एसटीच्या खडखडाटातून मिस्त्री ओरडले, "गोधडी काढ. लाल बटण दाब. आणि ऐक, मशीनला कधी पांघरूण घालायचं नाही. जे गार ठेवायचं असतं, त्याला घालायचं. ते पाइप बघ, कसे गुंडाळलेत."

"बरं. जे गार ठेवायचं त्याला."

गार काय ठेवायचं? दूध. हैबतीनं गोधडी दुधाच्या टाकीवर घातली. वरून आपली घोंगडीही घातली आणि कडा आत खोचल्या, लेकराला खोचतात तशा.

मशीन सुरू झालं. पुन्हा घंटा. पुन्हा फोन.

"पाणी कमी पडलं असणार," मिस्त्री म्हणाले. "टाकीला खूण आहे बघ. खुणेखाली गेलं की खुणेपर्यंत भरायचं. नेहमी. विचारायचंसुद्धा नाही मला."

हैबतीनं पाणी भरलं. घंटा थांबली. पण आकडा पाचावरून काही हलेना. त्यानं पुन्हा फोन लावला.

"पाण्यात हात घालून बघ."

"बोटं बधिर झाली, मिस्त्री."

"म्हणजे पाणी गार आहे, पाटीच खोटं बोलतीय. आता नीट ऐक. पाण्याच्या टाकीत वायरीची सळई लोंबतीय ना? ती काढ. बादलीत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घे, त्यात ती बुडव. बर्फात शून्यच दिसलं पाहिजे. जेवढं जास्त सांगेल, तेवढं खोटं."

रसवंतीवाल्याकडून बर्फ आला. सळई बादलीत बुडाली. पाटी तीन म्हणाली.

"तीन खोटं. आता वजाचं बटण तीनदा दाब."

हैबतीनं दाबलं. पाटीवर शून्य आलं.

"झालं! आता हात लावू नकोस कशाला. इथं साखर वाटायला घेतलीय, मी फोन बंद करतोय."

हात लावू नकोस म्हटल्यावर हैबतीनं हात लावला नाही. सळई बर्फातच राहिली. पाटीवर शून्य बघून मशीनला वाटलं, झालं काम. ते गप्प बसलं.

'दमलं होतं बिचारं,' हैबतीच्या मनात आलं.

इतक्यात बायजाक्का आली. डोक्यावर किटली, तोंडाचा पट्टा आधीपासूनच सुरू. "हैबत्या, लिही. दहा लिटर."

हैबतीनं तिच्याकडं निरखून बघितलं. "अक्का, बर्फात हात घाला."

"का रं?"

"आकडा सांगणाऱ्याला बर्फात घालून बघायचं असतं. मिस्त्रींनी सांगितलंय."

त्यानं तिचा हात धरून बादलीत बुडवला.

"आई गं! सोड मेल्या!"

"किती?"

"दहा! दहा लिटर!"

"शून्य म्हणा, अक्का."

"शून्य का म्हणू? माझी म्हैस काय वांझ आहे? दहा!"

"म्हणजे तुमच्यात दहा खोटं आहे. दहातून दहा वजा." त्यानं वहीत शून्य लिहिलं.

बायजाक्कानं किटली उचलली. जाता जाता ती हैबतीच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलली, ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही. म्हशीबद्दल तेवढं चांगलं बोलली.

तिचे दहा लिटर परत गेल्यामुळं दूध खुणेखाली राहिलं. दुधाच्या टाकीलाही काचेवर खूण होती. खुणेखाली गेलं की भरायचं. पण कशानं? दुधात पाणी घालणं पाप. हैबती भोळा होता, पापी नव्हता.

तेवढ्यात चंद्रकला जेवण घेऊन आली. भाकरी, पिठलं आणि चरवीभर ताक. लेकराला नवा दात येत होता, ते किरकिरत होतं. तिची नजर पाटीवर गेली.

"शून्य? दोन पाहिजे म्हणत होता ना?"

"दोनपेक्षा गार. जास्तच चांगलं."

"सांगितलं तेवढंच केलंत ना?"

"तेवढंच."

तिच्या मनावरचं ओझं उतरलं. ती गेली. हैबतीनं चरवी उचलली. ताक दुधाचंच असतं. त्यानं गोधडीचा कोपरा वर केला, ताक ओतलं, मोठ्या दांड्यानं ढवळलं, गोधडी पुन्हा खोचली. मग भाकरी-पिठलं ताकाविनाच खाल्लं. दिवसभर बर्फ विरघळला की नवा घालत राहिला. पाटी शून्यावरून हलली नाही.

चारच्या सुमाराला तात्या मीटिंगहून परतले. पाटी बघितली. "शून्य! शाब्बास रे! सकाळचं विसरलो मी. तुझी नोकरी कायम समज."

साडेचारला टँकर आला. तपासनीस इनामदार शिडी चढले. "ही गोधडी कशाला?"

"गार राहावं म्हणून," हैबती म्हणाला.

इनामदारांनी लांब दांड्याची पळी आत घातली आणि दांडा सोडला. दांडा सरळ उभा राहिला.

"तात्या," इनामदार म्हणाले, "आमचा टँकर दुधाचा आहे."

"मग?"

"हे दही आहे. दोन हजार लिटर."

तात्या शिडी चढले. बोट घालून चाटलं. मग पायरीवरच बसले. आरडाओरडा ऐकून चंद्रकला धावत आली. तिनंही बोट चाटलं. "गोड लागलंय की," ती हळूच म्हणाली आणि रडायला लागली.

"हैबत्या!" तात्या ओरडले. "गेली तुझी नोकरी! आणि जायच्या आधी हे दही तूच वाट. टाकी रिकामी होईपर्यंत इथून हलायचं नाही! समजलं?"

"समजलं, तात्या. सांगितलं तसंच."

गाव पातेली घेऊन आलं. अंधार पडेस्तोवर टाकी अर्धी झाली. हैबती तिथंच झोपला. उजाडलं, गवळ्यांच्या किटल्या आल्या. मिस्त्री अजून साखरपुड्यालाच होते.

हैबतीनं टाकी बघितली. दही खुणेखाली गेलं होतं.

त्यानं सकाळचं सगळं दूध दह्यात ओतलं, खुणेपर्यंत. विचारायचंसुद्धा नाही, असं सांगितलेलं होतं. वरून गोधडी खोचली.

आता टाकी काही रिकामी होत नाही, आणि हैबती काही हलत नाही. शेळ्या वळायची पाळी टळली, म्हणून चंद्रकला निवांत झोपते.

तेव्हा बायाबापड्यांनो, तुमच्या गावात, सासरी-माहेरी निरोप द्या: आंबेखोरीला दही आहे, भांडं आपलं आणा. पण निरोप देताना ऐकलं तेवढंच सांगा हो. जास्त सांगाल, तर हैबती बर्फाची बादली घेऊन बसलाय.