रिबकाबाईचं जड मडकं

फार वर्षांपूर्वी, माझ्या आजीचीही आजी परकरात होती तेव्हा, निंबखेडीत रिबकाबाई नावाची विधवा राहायची. गावात ख्रिस्ती घरं बारा-तेरा. त्या घरांत एक रीत होती. चूल पेटवण्याआधी दाण्यांची एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. दर शनिवारी रिबकाबाई मडकं घेऊन दारोदार जायची, त्या मुठी गोळा करायची आणि ख्रिस्ताच्या देवळात नेऊन ठेवायची.

मग लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. देवळातले पाळकसाहेब तालुक्याला गेले ते गेलेच. बायका म्हणाल्या, "आजी, आता येऊ नगा. मूठ कशाची घालायची?"

"दाणा नसंल तर रिकामी मूठ घाल. हात तर मोडला न्हाई ना?" रिबकाबाई तोंडाची फटकळच होती. बायका हसल्या, पण मडक्यात हात घालून मूठ उघडू लागल्या, आणि उघडताना मनात असेल ते देवाला सांगू लागल्या.

एकटी सारूबाई दार उघडीना. तिचं तान्हं त्या उन्हाळ्यात गेलं होतं. "त्यानं माझं लेकरू नेलं. त्याला आता काय देऊ?" ती आतून ओरडायची. रिबकाबाई उंबऱ्यावर टेकायची, थोडं बसायची, उठायची. असे सहा शनिवार गेले. ही पोर आता देवालाही तुटली आणि आपल्यालाही, असं वाटून म्हातारीचा जीव तुटायचा. सातव्या शनिवारी ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "सारू, राग हाय ना? मग त्योच घाल. त्याला चालतो."

दार उघडलं. सारूबाईने मडक्यात मूठ उघडली आणि तिथंच बसून रडली. लेकरू गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

असं म्हणतात, की मग मडकं उचलेना. रिबकाबाईने पदर खोचून जोर लावला, तरी ते जागचं हललं नाही. आत पाहिलं तर काहीच नाही. शेवटी सारूबाईने दुसरी बाजू धरली आणि दोघींनी ते देवळापर्यंत नेलं. असंही म्हणतात, की रिबकाबाई गेल्यावर ते मडकं सारूबाईनेच दारोदार फिरवलं.

आता निंबखेडीला कॅनॉलचं पाणी आलंय. कापणीच्या सणाला लोक देवळात पोती आणतात, भोपळे आणतात, कोंबड्यासुद्धा. पण आधी प्रत्येक जण, सरपंच असो की पाळक, मडक्यात रिकामी मूठ उघडतो. मडकं तेच की दुसरं, यावर वाद आहे. तो आपण नको घालूया. मग ते वेदीपाशी नेतात. मातीचं रिकामं मडकं, पोरगंही उचलेल. तरी आजवर ते कुणी एकट्याने उचललेलं नाही.