जीपचा खोकला

खड् खड् खड्, आणि मग धडधड. फार पूर्वी थंडीच्या सकाळी हा आवाज आला की माळावरच्या वाडीला कळायचं, डिझेलची जीप उठली. तिच्या त्या खोकल्याला तेव्हा कुणी हसत नसे.

पुढे ती जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन पडली. टायरांभोवती गवत वाढलं, पण तिचं दार कुणी उघडलं नाही.

एके सकाळी कळलं, रोपवाटिकेच्या यमुनाताई जीप बघायला येताहेत. जीपला हुरूप आला.

शेजारचा टेम्पो म्हणाला, "म्हातारे, तुझा खोकला ऐकून बाई फाटकातूनच परत जाईल. आधीच तापून घे."

"इंजिन धड आहे रे माझं. थंडीत उठायला वेळ लागतो, एवढंच."

"ते तुला ठाऊक. तिला कशाला कळू द्यायचं?"

जीपला पुन्हा एकटं राहायचं नव्हतं. आवाराचा मालक बाबालाल किल्ली घेऊन आला, तशी ती टेम्पोचं ऐकून खोकत खोकत सुरू झाली आणि ताई यायच्या आत चांगली तापली. मग त्याने तिला बंद केलं.

यमुनाताई आल्या. बाबालाल म्हणाला, "बघा ताई, एका हाकेत उठते."

"थोडी खोकली तरी चालेल हो. पण मला ती गार असतानाच ऐकायचीय," असं म्हणत त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

किती दिवसांनी माणसाचा हात लागला होता! जीप सुखावली.

बॉनेट गरम होतं. यमुनाताईंनी हात उचलला, पदराला पुसला आणि त्या फाटकाबाहेर निघून गेल्या.