मोट रिती होताना

"मग माझ्या आईलाच ते गाणं का भिडत नाही, बुवा?"

चिमणनाथबुवा मठाच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीरंग त्यांचा शिष्य. लहानपणापासून त्यांच्याकडे शिकला, मग शहरात गेला आणि नावारूपाला आला. मोटेवरचं एक जुनं गाणं तो प्रत्येक मैफलीच्या शेवटी गाई. ते बुवांनीच शिकवलेलं. ज्यांनी जन्मात मोट पाहिली नाही, तेही ते ऐकून डोळे पुसत. श्रीरंगला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर तो त्याला शोभायचाही.

"काय म्हणाली सगुणा?" बुवांनी विचारलं.

"हल्ली ती कुणालाच ओळखत नाही. काल उशाशी बसून सगळं गाणं म्हटलं. इतकं चांगलं मी कधी गायलो नव्हतो, बुवा. संपल्यावर ती म्हणाली, छान गाता हो तुम्ही... कुणाचे?"

आईनं आपल्या लेकाला 'तुम्ही' म्हणावं, याहून मोठी शिक्षा कोणती?

"गाऊन दाखव," बुवा म्हणाले.

"इथं?"

"खाली. चल."

मठाच्या खालच्या अंगाला श्रीरंगच्या वडिलांची, कोंडिबाची, विहीर होती. वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता. नंतर विजेचा पंप आला, आणि बैल मोट ओढत ज्या उतारावरून जायचे तिथे घाणेरी माजली. मोटेचं पाणी ज्या दगडी थारोळ्यात पडायचं, त्यात आता पाला साचला होता.

श्रीरंगनं डोळे मिटले आणि सूर लावला.

"चाल रं मोऱ्या, सावली लांबली,
रानाच्या टोकाला कोण गं थांबली..."

आणि लगेच त्याची ती नावाजलेली तान उठली.

बुवांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

...

दूर कुठेतरी पंप घरघरत होता.

"इथं कोंडिबा गप बसायचा," बुवा म्हणाले.

"आबा? म्हणजे हे गाणं आबांचं?"

"मग कुणाचं? मी वर मठात बसून ऐकलं आन् उचललं. चोरीच म्हण."

"पण मला शिकवताना तुम्ही..."

"मीबी गपच बसायचो की. तुला वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागला."

श्रीरंग शरमला. अगदी तसंच वाटायचं त्याला. म्हणून तर ती मोकळी जागा त्यानं मोठ्या मेहनतीनं भरून काढली होती. लोक नेमके तिथेच दाद देत.

"आबा गप्प का बसायचे?"

"इथं मोट रिती व्हायची. पाणी पाटाला लागायचं. पार तिकडं, त्या बांधापाशी, सगुणा पाणी वळवाय उभी असायची."

"मग?"

"पाणी पायाशी आलं की ती तिकडनं हाक द्यायची, 'पोचलं होऽऽ...' मग कोंडिबा बैल मागं घ्यायचा आन् म्होरलं कडवं धरायचा."

बुवा त्या बांधाकडे बघत राहिले. तिथे आता कुणीच नव्हतं.

"दिसभरात दोघांचं बोलणं काय ते येवढंच. मी संसार सोडलेला माणूस, बाबा. पर येखाद्या दिशी ती हाक आली न्हाई, तर मला घास गोड लागायचा न्हाई."

त्यांनी कफनीच्या टोकानं डोळे टिपले. लपवले नाहीत.

श्रीरंग थारोळ्याच्या काठावर बसला.

"तिची जागा होती ती," तो म्हणाला. "आणि मी तिथे ताना भरल्या."

"ताना चांगल्या होत्या," बुवा म्हणाले.

श्रीरंग तशातही हसला. मग उठला आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आत्ता घरी जातो. तिच्याजवळ बसून पुन्हा म्हणतो. त्या जागी थांबतो." तो चार पावलं गेला आणि वळला. "पण बुवा... थांबायचं किती वेळ?"

बुवांनी वाकून थारोळ्यातला पाला बाजूला सारला.

"पाणी पोचेपर्यंत."