सगुणाखिंडीचं बारसं

वाघदरे आणि चिंचसोंड या दोन गावांच्या मधल्या खिंडीत एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याभोवती ओबडधोबड दगडांचा पार आहे. निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराची जीप चढण चढून इथवर आली, की ड्रायव्हर कोणी न सांगता भोंगा बंद करतो. पक्ष कोणताही असो. पार मागे पडून उतार लागला, की मगच घोषणा पुन्हा सुरू होतात. पाहुण्यांना याचं नवल वाटतं, आणि त्याहून नवल वाटतं ते नावाचं. जिल्हा परिषदेच्या इथल्या मतदारसंघाला, लोक ज्याला गट म्हणतात त्याला, सगुणाखिंड असं नाव आहे. पण सगुणा नावाची राणी, देवी किंवा पुढारीण या मुलखात कधी झालेली नाही.

पाहुण्यानं विचारलंच, तर वाघदऱ्याची हौसाआजी त्याला आधी पारावरून उठवते. "खाली बस, बाबा. हे दगड बसायचे न्हाईत." मग ती सांगते ते असं.

फार वर्षांमागे म्हणे गटांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. आजवर वेगवेगळ्या गटांत असलेली वाघदरे आणि चिंचसोंड एका गटात आली. नाव कोणत्या गावाचं लावायचं, एवढंच ठरायचं राहिलं. वाघदऱ्याचे लोक म्हणाले, बाजार आमच्याकडे, दवाखाना आमच्याकडे, नाव आमचंच. चिंचसोंडचे म्हणाले, मतं आमची जास्त, आणि वाघदरे म्हणताना तर तोंड वेडंवाकडं होतं. चिंचसोंडला दवाखाना का नाही, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. भांडण नावाचं होतं. दोन्ही गावांनी एकमेकांच्या नावावर लेखी हरकत घेतली, आणि त्यावर सुनावणी करायला सरकारी साहेब येणार असं ठरलं.

वाघदऱ्यात या भांडणाचा पुढारी होता बयाजी. त्याची बायको धुरपदा. ती माहेरची चिंचसोंडची. तिची आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला, नारबाला, धुरपदानंच कडेवर वाढवलं. त्या नारबाच्या घरी पुष्कळ वर्षांनी पाळणा हलला होता. मुलगी झाली होती.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यात वाकते आणि बाळाच्या कानात नाव सांगते. तोवर ते कोणाला कळू द्यायचं नसतं. धुरपदानं नाव कधीच ठरवलं होतं. आपल्या आईचंच. भाकरी थापताना, पाणी भरताना ते तिच्या ओठांवर यायचं आणि ती गिळून टाकायची. तिनं बाळासाठी कुंची शिवली, कापडात वाळे बांधून ठेवले.

पण बारशाच्या आदल्या दिवशी वाघदऱ्याच्या पोरांनी खिंडीत दगड रचून वाट बंद केली. चिंचसोंड आपली हरकत मागे घेत नाही तोवर ये-जा नाही. ते कळताच चिंचसोंडच्या पोरांनीही आपल्या बाजूनं दगड लावले. तुम्ही काय आम्हाला अडवता, आम्हीच येत नाही! बयाजीनं कडुनिंबावर भोंगा बांधला. दिवसभर त्यातून गावाच्या नावाचा घोष चाले.

धुरपदा नवऱ्याला म्हणाली, "मला तेवढं पलीकडं जाऊन येऊ द्या."

"गावाच्या पुढाऱ्याचीच बायको गेली तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या," बयाजी म्हणाला. "साहेबांची सुनावणी होऊ दे, मग मिरवत जा. पोरगी काय पळून चाललीय?"

धुरपदानं हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर आपल्या गावाचं नाव लागावं असं तिलाही वाटत होतं. पलीकडे बारसं पुढे ढकललं गेलं, कारण नारबाची बायको गोजरा हट्टाला पेटली होती: वन्संशिवाय माझ्या लेकीचं नाव दुसरं कोणी ठेवायचं नाही.

असं सांगतात, की एका दुपारी धुरपदा खिंडीतल्या माणसांसाठी भाकरीची पाटी घेऊन वर गेली. भोंगा ओरडत होता, माणसं सावलीला पत्ते कुटत होती. तिची नजर दगडांपलीकडे गेली; दोन्ही बाजूंचे दगड छातीभर उंच होते, लेकरू घेऊन चढता येऊ नयेत असे. तिथे नारबा उभा होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण शब्द एकही ऐकू येत नव्हता. त्याच्यामागे गोजरा, आणि तिच्या छातीशी पदरात गुंडाळलेलं काहीतरी.

धुरपदानं पाटी टाकली आणि भोंग्याची तार दोन्ही हातांनी ओढून तोडली.

खिंड एकदम शांत झाली. त्या शांततेत नारबाचा आवाज आला, पार बसलेला. "आक्का, दवाखान्यात न्यायचीय गं. सकाळपासून हाका मारतोय."

माणसं धावली, दगड दोन्हीकडून ढासळू लागले. धुरपदा त्यांच्यावरून पलीकडे गेली आणि तिनं बाळाला हातात घेतलं. बाळ थंड होतं. आत्यानं भाचीला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गोजरा रडली नाही. ती म्हणाली, "वन्सं, आता तरी सांगा की तिच्या कानात."

धुरपदा वाकली. पण गेलेल्या जिवाचं नाव ठेवत नाहीत, आणि इतके दिवस ओठांवर अडवून धरलेलं नाव त्या दिवशी बाहेर येईना. नाव नसलेल्या त्या पोरीला तिथेच, कडुनिंबाखाली पुरलं.

सुनावणीसाठी साहेब आले, तेव्हा दोन्ही गावं समोर बसली होती. साहेबांनी विचारलं, "बोला, कोणाची हरकत आहे?" चिंचसोंडकर जमिनीकडे पाहत होते. बयाजी उठला, त्याचे ओठ हलले, आणि तो तसाच खाली बसला. भांडण मिटलं का, असं साहेब विचारू लागले. तेव्हा बायकांतून धुरपदा उभी राहिली.

"साहेब, कुठल्याच गावाचं नको. खिंडीचं नाव लावा."

"खिंडीचं नाव काय?"

"अजून ठेवलं न्हाई," धुरपदा म्हणाली. "आज बारसं हाय. तुम्ही बी या."

साहेब गेले, असं म्हणतात. कडुनिंबाच्या फांदीला पाळणा बांधला होता. बारशात बाळाबरोबर वरवंटाही पाळण्याखालून-वरून फिरवतात; त्या दिवशी बाळ नव्हतं, नुसता वरवंटा होता. त्याला कुंची घातली होती. दोन्ही गावांच्या बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि तो थंडगार दगड या हातातून त्या हातात देऊ लागल्या. गोजराच्या हातात आला तेव्हा तिनं तो बराच वेळ सोडला नाही. कोणी घाई केली नाही.

मग धुरपदा पाळण्यात वाकली, आणि तिनं नाव सांगितलं. आधी कानात. मग उभं राहून, साहेबांना ऐकू जाईल असं.

ज्या दगडांनी वाट अडवली होती, ते दोन्ही गावांनी उचलून बुंध्याभोवती रचले. पहिला दगड बयाजीनं ठेवला. त्यानंतर तो कुठल्याही सभेत बोलला नाही म्हणे.

हद्दी त्यानंतर कितीदा तरी बदलल्या. गावं आली, गावं गेली. दर वेळी कोणीतरी म्हणतं, एका तान्ह्या पोरीचं नाव कशाला, एखाद्या मोठ्या माणसाचं लावू. दर वेळी दोन्ही गावांच्या बायका खिंडीत पाळणा बांधतात, वरवंट्याला कुंची घालतात आणि तेच नाव पुन्हा सांगतात. त्यांच्यासमोर मोठ्या माणसाचं नाव घ्यायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

आजही भोंगे इथे गप्प होतात. उमेदवार खाली उतरतात, पारापुढे हात जोडतात, निवडून येतात. आणि आजही चिंचसोंडची एखादी बाई तापानं फणफणलेलं लेकरू छातीशी धरून ही खिंड चढते. पाराजवळ ती थांबत नाही. चालता चालताच सगुणेचं नाव घेते आणि पावलं उचलते, कारण दवाखाना अजून पलीकडेच आहे.