बिनटाक्यांचा कोंबडा

एका डोंगरगावात एक बाई राहायची. काळजी करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दूध उतू जाईल या भीतीने ती ते इतक्या लवकर उतरवायची, की तिच्या घरचं दूध कधी धड तापायचंच नाही.

त्या गावाच्या जत्रेत एक लहान मूल कोंबडा व्हायचं आणि पालखीपुढे पंख फडफडवत, आरवत देवळापासून तळ्यापर्यंत जायचं. कोंबडा कोण होणार, याची चिठ्ठी जत्रेच्या सकाळीच निघे. त्या दिवशी गावात कुणी सुईला हात लावत नसे. त्यामुळे पोशाख करायचा तो गाठी मारून आणि खळीने चिकटवून. अर्थात वाटेत त्याची पिसं गळत. ती वेचायला पोरं मागून धावत, आणि घरोघरी ती बरकतीसाठी धान्याच्या कणगीत ठेवली जात. हा मान एका मुलाला एकदाच मिळे.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली ती या बाईच्या लेकीची. लेक उड्या मारत घरी आली. आईने मात्र आधी घरातली सुतळी ओढून ओढून पाहिली.

हातात वेळ दुपारपर्यंतच. आईने जुनं तांबडं लुगडं काढलं, एका तुकड्याला मधोमध भोक पाडून ते लेकीच्या गळ्यात घातलं आणि कमरेला सुतळी बांधली. दुसरी सुतळी एका मनगटापासून पाठीमागून दुसऱ्या मनगटापर्यंत नेली आणि तिच्यावर चिंध्यांची पिसं गाठी मारून अडकवली. झाले पंख! एका चिंधीला खळ लावून ती उन्हात कडक केली, तिचा तुरा झाला. पोशाख खरंच देखणा दिसत होता. पण आईचा जीव गाठींत अडकलेला. एकेक गाठ ती तीन-तीनदा आवळत होती.

शेजारीण म्हणाली, "अगं, किती आवळशील? पोरीला श्वास तरी घेऊ दे. पिसं गळायचीच."

"भर रस्त्यात सगळंच सुटलं तर? लोक हसतील. पोर रडवेली होईल माझी."

मग ती लेकीला म्हणाली, "हे बघ, याला एकही टाका नाही. हात पसरू नकोस. मान उंच करू नकोस, तुरा पडेल."

"मग आरवू कशी?"

"आरव, पण जपून."

ढोल वाजला. लेकीने पहिल्याच ठेक्याला हात उचलले, तेवढ्यात गर्दीतून आईचा आवाज आला, "सांभाळ गं!" हात खाली आले. पुढची सगळी वाट ती कोपर अंगाशी घट्ट धरून चालत राहिली. ढोलवाल्याने ठेका वाढवून पाहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी आपली पायांपुढची जमीन बघत चालली होती. मागून धावणारी पोरं थोड्या वेळाने कंटाळून पांगली.

तळं आलं. पालखी टेकली. लेक धावत आईकडे आली. तिचा चेहरा घामाने भिजला होता, पण डोळे चमकत होते.

"आई, बघ ना! एकसुद्धा पीस पडू दिलं नाही मी."

खरंच, एकही गाठ सुटली नव्हती. आई शाबास म्हणायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

तात्पर्य एवढंच: मुलांच्या अंगावर कच्चा पोशाख चढवला तरी चालतो, त्याच्यावर आपली धास्ती चढवू नये.